कोथळा माझा होता

आठवीच्या गॅदरिंगला अफझलखानाच्या वधाचं नाटुकलं बसलं आणि सरांनी मला सय्यद बंडा केलं. काम सोपं होतं. खान 'दगा, दगा' ओरडला की शामियान्यात घुसायचं, महाराजांवर पट्टा उगारायचा, जिवा महालाने हात तोडला की मरायचं. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' सगळ्यांना पाठ असतं. पण जिव्याला नाव मिळावं म्हणून कुणीतरी बंडा व्हावं लागतं, हे कुणी लक्षात घेत नाही.

मरायला माझी ना नव्हती. पण जिवा होता माझ्याच बाकावरचा. त्याची पुठ्ठ्याची तलवार काखेत शिरली की मला गुदगुल्या व्हायच्या आणि बंडा खिदळत खिदळत प्राण सोडायचा. चार तालमी सरांनी सोसलं. पाचव्या तालमीला म्हणाले, "तू मागे हो."

मी दोन पावलं मागे सरकलो.

"आणखी मागे."

असं करत करत मी विंगेत पोचलो, तो तिथलाच झालो.

विंगेत सुतळीचा गुंडा, खिळ्यांचा डबा, जिलेटिन पेपर आणि भरपूर डास होते. पडद्याची दोरी माझ्या हातात आली. शिवाय घंटा! एरवी शिपाईकाकांखेरीज त्या टोलाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. नाटकाच्या तीन घंटा मात्र मी द्यायच्या होत्या. महाराजांची भूमिका आता कुणी देऊ केली असती तरी मी घेतली नसती. (कुणी देऊ केली नाही, ते सोडा.)

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी सरांच्या ध्यानात आलं की वाघनखं आहेत, खानाचं पोटही आहे, पण पोटातून बाहेर काय काढायचं? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ रे काहीतरी."

घरी आईच्या कपाटात ओटीत आलेल्या ब्लाउजपीसांची चळत होती. हे कापड कुणी शिवत नाही. ते हळदीकुंकवाला एका घरून दुसऱ्या घरी जातं आणि वर्ष-दोन वर्षांनी मूळ घरी परत येतं. त्यातला लालभडक, सोनेरी बुट्ट्यांचा एक मी उचलला, त्याच्या चार-चार बोटं पट्ट्या फाडल्या आणि टोकाला टोक बांधलं. पुठ्ठ्याच्या नखात कापड अडकेना, म्हणून पहिल्या टोकाला बोट जाईल एवढा फास ठेवला. तो ऐवज उशीच्या अभ्र्यात कोंबून अभ्रा खानाच्या पोटावर सेफ्टी पिनांनी बसवला. मीटरभर कापडाच्या पट्ट्या जोडल्यावर किती लांबी होते, हे गणित करायचं तेवढं राहिलं.

प्रयोगाला महाराजांनी बरोब्बर फासात बोट घातलं आणि हिसका दिला. हातभर कोथळा बाहेर आला. "जय भवानी!" अख्खं पटांगण ओरडलं. महाराजांनी आणखी ओढला. आणखी आला. जत्रेतला जादूगार तोंडातून रंगीत कागद काढतो तसा तो येतच राहिला. महाराज ओढत ओढत थेट माझ्या विंगेपर्यंत आले. वेळेआधीच धावलेला जिवाही ओढायला लागला. नवा बंडा मरायचं विसरून कोथळ्याची गुंडाळी करत बसला. मेलेल्या खानाने मान उचलून विचारलं, "संपला का?" १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी जे काही क्षणांत उरकलं, त्याला आमच्या शाळेत चांगली चार मिनिटं लागली.

लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरत होते. सर पलीकडच्या विंगेतून पडदा पडदा अशा खुणा करत होते. मला दिसत होतं, पण दोरी ओढवेना. एवढ्या टाळ्या कोथळ्याला पडत होत्या आणि कोथळा माझा होता! शेवटी ओढली, तर खानाचे पाय पडद्याबाहेर राहिले. ते मी खालून हात घालून आत घेतले.

घरी जाताना बाबा म्हणाले, "तू कुठे होतास रे? दिसलाच नाहीस."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात नाटकाला मुद्दाम आलेली मावशी आईला म्हणाली, "ताई, खानाच्या आतड्यांवर सोनेरी बुट्टे होते बघ. संक्रांतीला मी तुला दिलेला तो ब्लाउजपीस आहे ना गं अजून?"