‘खेळणी ही चैन’ म्हणणाऱ्या सरांना उत्तर

नमस्कार सर,

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हातापायांच्या हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या लेकरांसाठी घरी करता येतील अशा खेळण्यांवर मी लिहिलं. त्यावर तुमची प्रतिक्रिया: "ताई, आधी थेरपी करा, खेळणी ही चैन आहे. मूल चिंचोके गिळेल. मोबाईलवर वाचून शिकवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

चिंचोक्यांचं मान्य. जे लेकरू सगळं तोंडात घालतं, त्याच्या हाती सुटे चिंचोके द्यायचेच नाहीत. तशी दुरुस्ती आजच केली.

पण "ताई, खेळणी ही चैन आहे"? त्या ‘ताई’त आदर नाही, दटावणी आहे. आम्ही अंबाजोगाईकडच्या खेड्यात राहतो. थेरपीला जायचं म्हणजे एसटीत दिवस जातो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. तरी चार वर्षं लेकराला कडेवर घेऊन गेले. तुम्ही कधी नेलंय कुणाला? तिथं नुसतं हात वर, हात खाली. तो रडायचा, मूठ आवळून धरायचा. ती मूठ उघडली पोळ्याला. आजी मातीचे बैल करत होती, यानं ओल्या चिखलात हात घातला आणि बोटं पसरली. मी बघतच राहिले. लहान मुलांच्या ऑक्युपेशनल थेरपीत, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून देतात त्या थेरपीत, खेळ हेच मुख्य साधन असतं, सर. मग ‘आधी’ काय आणि ‘नंतर’ काय?

सेलवरच्या गाडीचं इवलंसं बटण त्याला सरकवता येत नव्हतं. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या भाऊंनी तांब्याच्या दोन पातळ पट्ट्या, मधे प्लास्टिक, अशी चकती सेल आणि त्याला टेकणाऱ्या धातूच्या पत्रीच्या मधे सरकवली. दोन्ही पट्ट्यांच्या वायरी बाहेर काढून मोठ्या बटणाला जोडल्या. गाडीचं बटण चालूच ठेवायचं. आता तो पालथ्या हातानं दाबतो आणि गाडी पळते. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हुकमानं काहीतरी हललं. याला चैन म्हणता?

अधिकाराचं तुम्हीच काढलंत म्हणून सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क करारातल्या कलम 30 मध्ये या मुलांना इतरांच्या बरोबरीनं खेळता यावं असं लिहिलंय. भारतानं तो करार 2007 मध्ये मान्य केला. अधिकार माझ्या लेकराचा आहे, मला कुणी द्यायची गरज नाही.

मोबाईलच्या टोमण्याला मी उत्तर देणार नाही.

त्या बटणाचं जोडकाम पुढच्या आठवड्यात फोटोंसह टाकते. वाचायचं तर वाचा.