गाडीचा आवाज कमी करून मागितला, हा माझा गुन्हा आहे का?

काल संध्याकाळी कर्वे रस्त्यावरचा सिग्नल सुटून जेमतेम शंभर पावले गेलो असेन, तोच माझ्या बुलेटच्या सायलेन्सरमधून भांडी घासायची तारेची घासणी बाहेर उडाली. होय, घासणीच, काळी पडलेली, अर्धवट जळलेली, आणि ती थेट मागून येणाऱ्या स्कूटरच्या चाकाखाली गेली. ‘आवाज कमी करून द्या’ एवढेच मी मेकॅनिकला सांगितले होते. त्याने तीन दिवस गाडी ठेवून घेतली, नऊशे रुपये घेतले, ‘आत नवीन ग्लासवूल (आवाज शोषणारी काचेची लोकर) भरले आहे, डीबी किलरही (आवाज दाबणारा नळीतला अडसर) बसवला आहे’ असे छातीठोकपणे सांगितले, आणि प्रत्यक्षात नळीत घासणी कोंबून वरून एक स्क्रू पिळला. स्कूटरवरच्या बाई वेळीच सावरल्या; पडल्या असत्या तर मी कोणत्या तोंडाने त्यांच्यासमोर उभा राहिलो असतो? जाब विचारायला गेलो, तर हा गृहस्थ मलाच विचारतो, “साहेब, आवाज नको होता तर बुलेट घेतलीच कशाला?”

गेल्या दोन महिन्यांत हे वाक्य मी चौथ्यांदा ऐकले, आणि दर वेळी तितकाच संताप आला. गाडी मी सेकंडहँड घेतली. आधीच्या मालकाने कंपनीचा सायलेन्सर भंगारात घालून त्याजागी ही पुंगळी लावून घेतली होती. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये पडदे आणि कप्पे असतात, धूर त्यांतून वळणे घेत जातो आणि आवाज मरतो. पुंगळीत भोके पाडलेली एक सरळ नळी असते आणि तिच्याभोवती तीच काचेची लोकर. ती जळून गेली की उरतो नुसता कर्णा. त्यातच इंजिनातून सायलेन्सरकडे धूर नेणाऱ्या बेंड पाइपच्या तोंडाचे गॅस्केट (सांधा हवाबंद ठेवणारी चकती) फुटलेले, म्हणजे थ्रॉटल सोडला की तिथून हवा आत ओढली जाते, न जळलेले पेट्रोल नळीतच पेट घेते आणि बंदूक उडाल्यासारखा बार होतो. छापखान्यात काम करणाऱ्या मला हे वाचून कळते, आणि ज्याच्या हातात पाना आहे त्याला गॅस्केट बदलावेसे वाटत नाही! फटाके फोडणारा सायलेन्सर मात्र मागितल्याबरोबर मिळतो. त्याच्याच दुकानात चार टांगलेले आहेत.

मोटार वाहन कायद्याच्या १९०(२) कलमाखाली अशा आवाजासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रेही वर्तमानपत्रांत येतात, आणि ती पाहून मला मनापासून बरे वाटते. पण ते चार सायलेन्सर टांगणाऱ्या दुकानासमोर रोडरोलर का उभा राहत नाही? पावती फाटणार ती माझी, जो आवाज घालवण्यासाठी दारोदार हिंडतो आहे त्याची.

रहिवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि माझी पाळी संपते साडेअकराला. आमच्या खालच्या मजल्यावर तीन महिन्यांचे बाळ आहे. कंपनीच्या सायलेन्सरचे पैसे आज भरून आलो; तो यायला तीन आठवडे लागतील असे काउंटरवर सांगितले. तोवर रोज रात्री गल्लीच्या तोंडाशी इंजिन बंद करून, पावणेदोनशे किलोंहून जड असलेली ही गाडी चढावर ढकलत मी घरी आणणार आहे.