त्या स्वर्गात चुलीपुढे कोण बसणार?

‘सर्वांत सुखाची एक आठवण निवडून त्यातच कायमचं राहता आलं, तर तोच स्वर्ग’ हे स्वर्गाबद्दलच्या एका लेखातलं वाक्य वाचलं आणि मी माझी आठवण निवडूनही टाकली. गुहागरकडचं आजोळ, भाद्रपदातली चतुर्थी, मुंबईहून आलेले चाकरमानी, पडवीत झांजा-मृदंगाचा दणका आणि हातात तूप ओतलेला गरम मोदक. पण त्या वेळी आई कुठे होती? स्वयंपाकघरात, ओल्या लाकडांच्या धुरात डोळे पुसत. उकड मळून तळवे लालबुंद, तरी पारीला कळ्या पाडणं चालूच. माझं सुख गोठवायचं तर तिलाही कायमचं तिथेच बसवावं लागेल. लेखकाला हे कसं सुचलं नाही? (जेवायला पहिल्या पंगतीत बसणारे असावेत!)

शिवाय दीड दिवसाने विसर्जन असतं म्हणून तर आरतीला तो जोर चढतो. मूर्ती हलणारच नसेल, तर ‘पुढच्या वर्षी लवकर या’ कोणाला म्हणायचं? आपल्या जुन्या कल्पनेतला स्वर्गही पुण्य संपेपर्यंतच, मग पुन्हा खाली. ते मला जास्त पटतं. त्या आठवणीत मी जाईन, पण परतीचं तिकीट आधी हातात हवं. गणपतीत कोकण रेल्वेचं ते मिळवताना काय होतं, कोकणात जाणाऱ्यांना ठाऊक आहेच.