‘आजी’ म्हणणाऱ्या वाचकास

गेल्या आठवड्यात मी इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका यांच्या ‘उंबेर्तो डी’ या सिनेमावर लिहिलं होतं. तरुणपणी कंटाळवाणा वाटलेला सिनेमा साठीनंतर पुन्हा पाहिला आणि तो कसा उलगडत गेला, एवढाच लेखाचा विषय. त्यावर ‘एक वाचक’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे: “आजी, वय झालं की कुठलीही करुण गोष्ट भिडते, त्यात सिनेमाचं कर्तृत्व काय? युद्धानंतरच्या इटलीचं राजकारण तुमच्या लेखात औषधालाही नाही. सिनेमाचं नाव ‘बायसिकल थीव्ज’ आहे, ‘थीफ’ नव्हे. आणि सबटायटल वाचून सिनेमा कळत नसतो.”

आधी चूक कबूल करते. लेखात दे सिकांच्याच १९४८ च्या दुसऱ्या एका सिनेमाचं नाव मी ‘बायसिकल थीफ’ असं लिहिलं होतं. त्याच्या मूळ इटालियन नावात ‘लाद्री’ (चोर) आहे, म्हणजे अनेकवचन. मराठीत ‘चोर’ एकही आणि अनेकही, त्यामुळे आपल्याला जाणवत नाही, पण इथे फरक महत्त्वाचा आहे, कारण ज्याची सायकल चोरीला जाते तो बाप शेवटी स्वतःच दुसऱ्याची सायकल पळवतो. अमेरिकेत हा सिनेमा एकवचनी नावाने लागला होता आणि तेच नाव माझ्या तोंडी बसलं होतं. दुरुस्ती केली आहे. आभार.

आता ‘आजी’. नात मला आजी म्हणते, सोसायटीतली मुलं म्हणतात, मला आवडतं. तुमच्या ‘आजी’त नातं नाही, तर ‘तुम्ही गप्प बसा’ असा अर्थ आहे. पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली आहेत मी. कुणी ‘बाई’ म्हणताना मान देतोय की बाजूला सारतोय, हे मला आवाजावरून कळायचं, आता लिहिलेल्यावरूनही कळतं. सिनेमावर मतभेद जरूर असावेत, पण त्यासाठी समोरच्याचं वय काढायची गरज नसते.

आणि वय काढलंच आहे, तर त्याबद्दलही बोलू. ‘वय झालं की कुठलीही करुण गोष्ट भिडते.’ हे कुणी सांगितलं तुम्हाला? माझा अनुभव नेमका उलटा आहे. १९८२ साली मी तेवीस वर्षांची होते, नोकरीला नुकतीच लागले होते. पुण्यात एका फिल्म क्लबात ‘उंबेर्तो डी’ लागला होता. म्हातारा पेन्शनर भीक मागायला हात पुढे करतो आणि समोरून माणूस आला की पाऊस पडतोय का बघावं तसा तळवा उलटा करतो, तिथे मी रडले. त्याचा कुत्रा हरवतो, तिथे रडले. हळवेपणा तेव्हा होता, आणि भरपूर होता. पण मधेच मोलकरणीच्या सकाळचा लांबलचक प्रसंग सुरू झाला तेव्हा मी घड्याळ पाहिलं, शेवटची बस चुकेल म्हणून. ‘काहीच घडत नाहीये’ असं मैत्रिणीच्या कानात म्हटल्याचंही आठवतं.

तोच प्रसंग मी चौसष्टाव्या वर्षी पाहिला, घरी, दुपारी, एकटीने. मारिया उठते. वर काचेच्या छपरावरून मांजर चालत जातं, ती पडल्या पडल्या बघते. स्वयंपाकघरात येते, भिंतीवर काडी ओढते, पेटत नाही, पुन्हा ओढते. भिंतीवर मुंग्या आहेत, त्यांच्यावर पाणी उडवते. पोटाकडे बघते, कारण तिला दिवस गेलेत आणि दोघा सैनिकांपैकी एकही जबाबदारी घेणार नाहीये. मग कॉफी दळायला बसते. डोळ्यांतून पाणी येतं, हात दळतच राहतात, आणि बसल्या जागेवरून पाय लांबवून ती अंगठ्याच्या टोकाने दार लोटते. एक शब्द नाही.

मी तेव्हा रडले नाही, हे मुद्दाम लिहिते. मी ते पायाने लोटलेलं दार बघत राहिले. लग्नानंतर जवळपास चाळीस वर्षं घरात सगळ्यात आधी मी उठले. पाण्याची वेळ पाचची, गॅस, चहा, पोळ्या, डबे. दोन्ही हात कणकेत असताना पायाने दार लोटायचं, हे मी किती वेळा केलं असेल! काही सकाळी माझ्याही पोटात भीती होती. वडिलांचं ऑपरेशन ठरलं तेव्हा होती, यजमानांना पक्षाघाताचा झटका आला त्यानंतर कित्येक महिने होती. पोळ्या थांबल्या नाहीत. पटकथाकार चेझारे झावात्तीनी यांना ‘काही न घडणाऱ्या’ वेळेचा सिनेमा हवा होता, हे तेविसाव्या वर्षी मी वाचलेलंही होतं. वाचून कळलं नव्हतं. म्हणून म्हणते, वयाने मला हळवं केलं नाही, बघायला शिकवलं. आणि मला दिसावं असं काही दे सिकांनी तिथे आधीच ठेवलं होतं म्हणून ते दिसलं. सिनेमाचं कर्तृत्व याहून वेगळं काय असतं?

तुम्ही हा प्रसंग पाहिला आहे का? खरंच विचारते. तुमच्या प्रतिक्रियेत सिनेमातली एकही चौकट नाही.

राजकारणाचं म्हणाल, तर १९५२ साली इटलीच्या सरकारात सिनेमाचं काम बघणाऱ्या आंद्रेओत्तींनी दे सिकांना जाहीर पत्र लिहून ‘उंबेर्तो डी’ देशाची बदनामी करतो असं सुनावलं होतं, हे मला ठाऊक आहे. तो त्या लेखाचा विषय नव्हता. आणि पेन्शनवाढीसाठी निघालेला म्हाताऱ्यांचा मोर्चा पोलीस उधळतात तिथून सिनेमा सुरू होतो, हे लेखात पहिल्याच परिच्छेदात आहे. माझी स्वतःची पेन्शनची फाईल अकरा महिने एका टेबलावर पडून होती, तेव्हा तो मोर्चा मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

सबटायटलचा मुद्दा मी सोडून देते. मारियाच्या त्या सकाळी वाचण्यासारखं एक अक्षर पडद्यावर येत नाही.

‘थीव्ज’ची दुरुस्ती मूळ लेखात झाली आहे. तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, ‘आजी’सकट जशी आली तशी खाली ठेवली आहे.