गच्चीवरचा वैशाख

एप्रिलमध्ये गच्चीवर भाजी लावायची हौस बहुधा कोथिंबिरीपासून सुरू होते, कारण तेव्हा ती महागलेली असते. या उन्हात ती शेतकऱ्यालाही नीट जमत नाही म्हणून महागते, एवढं मात्र कुणी मनावर घेत नाही. धणे रगडून पेरले की उगवतात, वीतभर होतात न होतात तोच फुलावर जातात. पुन्हा जुडी विकतच.

म्हणून मी भेंडी, गवार, चवळी आणि दुधीच्या पक्षाचा. भेंडीचं बी रात्रभर भिजवावं आणि थेट 15 इंची कुंडीत अर्धा-पाऊण इंच खोल टोचावं. एका कुंडीत दोनच रोपं. माती, कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), शेणखत समसमान. शेणखत पुरतं कुजलेलं हवं, नाहीतर त्यात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, फुकट मिळते.

खरा छळ पाण्याचा. दुपारी 2 वाजता वेलाची पानं माना टाकतात आणि घरातलं प्रत्येक माणूस येऊन बजावतं, "अहो, पाणी घाला की!" घालू नये. मुळं ओढतात त्याहून जास्त पाणी पानांतून उडतं, म्हणून ती लवतात. ऊन उतरलं की पुन्हा ताठ. सकाळीही मरगळ दिसली तर बोट दोन पेरं मातीत खुपसावं. कोरडं लागलं तरच पाणी, तेही पाइपातलं पहिलं, चहा होईल इतकं तापलेलं पाणी बादलीत सोडून देऊन. ओल्या मातीत आणखी ओतलं की मुळं कुजतात. कुजक्या मुळांचं झाड दिसतं तहानलेलंच, मग त्याला दया म्हणून आणखी एक तांब्या! उन्हापेक्षा या मायेनंच जास्त कुंड्या रिकाम्या होतात, अशी माझी दाट शंका आहे.

टोमॅटोचा हट्ट सोडा. पारा 35 अंशांच्या वर राहिला की पराग निकामी होऊ लागतात, फुलं गळतात. खतानं फक्त पाला वाढतो. 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी थोडी मदत करते, चमत्कार नाही.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो केवडा. नाव सुगंधी, रोग विषाणूचा, पसरवते पांढरी माशी. औषध नाही, झाड उपटा. बाकीच्यांवर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि किंचित साबण, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनं. भर उन्हात फवारलंत तर पानं भाजून निघतील.

दुधीला आधी नुसती नर फुलं येतात. घाबरू नका. मादी फुलामागे इवलासा लवदार दुधी असतो. ही फुलं उमलतात संध्याकाळी, आणि परागीभवन करणारे पतंग सातव्या मजल्यावर येतीलच असं नाही. मग नर फूल तोडून, पाकळ्या सोलून, मादी फुलात हळूच फिरवायचं. नेमकी तीच सोसायटीतल्या काकांची शतपावलीची वेळ. चार-पाच दिवसांत मागचा दुधी फुगला तर जमलं. पिवळा पडला तर पुढचं मादी फूल उमलेल त्या संध्याकाळी पुन्हा, काकांची पाठ वळल्यावर.