‘एरर आली की होमपेजवर पाठवा’? अजिबात नको!

डेव्हलपर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘गिऱ्हाइकाला एरर दिसली तर लाज आपलीच जाते. सगळा कोड ट्राय-कॅचमध्ये घाला, काही फुटलं की होमपेजवर रीडायरेक्ट करा. कस्टम एरर पानं म्हणजे नुसती रंगरंगोटी. आणि डीबग चालूच ठेवा, क्लायंट स्क्रीनशॉट पाठवतो.’ (ट्राय-कॅच म्हणजे कोड फुटला तर ती चूक पकडणारी रचना; डीबग म्हणजे चुकीचा सगळा तपशील स्क्रीनवर दाखवणारी सोय.) लाज एवढी असेल तर डीबग कशाला चालू, हे त्यांनाच ठाऊक.

होमपेजवाला शहाणपणा मी स्वतः करून बसलोय. सोलापुरातल्या एका चादरीच्या होलसेलवाल्याची साइट, लाराव्हेलमधली, म्हणजे पीएचपी भाषेतल्या वेबसाइट बनवायच्या फ्रेमवर्कमधली. ऑर्डर आधी डेटाबेसमध्ये पडायची, मग एसएमएस सुटायचा. ऐन गड्डा यात्रेच्या दिवसांत एसएमएसची सेवा बसली. ऑर्डर नोंदली गेलेली, पण एक्सेप्शन (कोड चालताना उठलेली चूक) आलं आणि माझ्या कॅचनं लातूरच्या दुकानदाराला मुकाट्यानं पहिल्या पानावर आणून सोडलं. त्याला वाटलं, ऑर्डर गेलीच नाही. त्यानं तीनदा बटण दाबलं. इकडे गोडाऊनमध्ये तीन गठ्ठे बांधून तयार! शेठचा फोन: ‘ओ सर, एकाच माणसाला दीडशे चादरी कशाला?’ लॉग (चुकांच्या नोंदींची फाइल) उघडला तर कोरा, कारण एक्सेप्शन पकडून मी रिपोर्टच केलं नव्हतं. न पकडता सोडलं असतं, तर लाराव्हेलनंच लॉगमध्ये नोंद केली असती. शिवाय हरवलेलं प्रत्येक पान होमपेजवर वळवलं, तरी गूगल त्याला ‘सॉफ्ट ४०४’च, म्हणजे न सापडलेलं पानच धरतं.

‘सगळं ट्राय-कॅचमध्ये’ म्हणणाऱ्यांचं ‘सगळं’ही अपुरं असतं. २०१५ साली पीएचपी ७ आलं, तेव्हापासून टाइप-एरर (चुकीच्या प्रकारची व्हॅल्यू दिल्याची चूक) वगैरे ‘एरर’ या वेगळ्या वर्गात मोडतात. ‘एक्सेप्शन’ पकडणाऱ्या कॅचमधून ते सरळ निसटतात. दोन्ही हवे असतील तर ‘थ्रोएबल’ लागतो.

डीबगबद्दल फार बोलत नाही. सीव्हीई-२०२१-३१२९ (सुरक्षेतल्या एका त्रुटीचा नोंदणी क्रमांक) आठवा: लाराव्हेलचं एरर-पान दाखवणाऱ्या इग्निशनच्या जुन्या आवृत्तीत, डीबग चालू असलेल्या साइटवर लॉगिनशिवाय कुणालाही स्वतःचा कोड चालवता येत होता. लाइव्ह सर्व्हरवर एपीपी-डीबग (डीबगची सेटिंग) फॉल्सच, म्हणजे बंदच.

राहिली रंगरंगोटी. पान बनवायला अवघड काही नाही. व्ह्यूजमधल्या ‘एरर्स’ फोल्डरात ४०४ (पान सापडलं नाही) आणि ५०० (सर्व्हरवर गडबड) नावाच्या ब्लेड फायली, म्हणजे लाराव्हेलचे पानांचे साचे, ठेवल्या की लाराव्हेल त्या आपोआप उचलतं, स्टेटस कोडही बरोबर जातो. चूक होते ती नेहमीचा लेआउट जोडताना. हेडरमधला मेनू डेटाबेसमधून येतो, आणि डेटाबेसच पडलेला असेल तर ५०० चं पानही त्याच्यासोबत पडतं. ४०४ ची गंमत वेगळी. रूटच (त्या पत्त्यासाठीची नोंद) सापडला नाही तर सेशनचं मिडलवेअर, म्हणजे लॉगिन कोणाचं ते ओळखणारा कोड, चालत नाही, मग लॉगिन केलेल्या माणसालाही हेडर ‘लॉगिन करा’ सांगतं.

त्या साइटचा एसएमएस आता क्यूमध्ये (मागाहून वेगळ्यानं पाठवायच्या कामांच्या रांगेत) टाकलाय, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. आणि ५०० चं पान म्हणजे साधं एचटीएमएल: ‘ऑर्डर देत होता? पुन्हा बटण दाबू नका, आधी फोन करा.’ खाली गोडाऊनचा नंबर.