शॉर्ट सेलचं घर, बँक आणि आमचे सहा महिने

परवा भाच्याचा मेसेज आला. इथे अमेरिकेत, अॅरिझोनातल्या फिनिक्सच्या जवळच एक घर बघितलंय, जाहिरातीत ‘शॉर्ट सेल’ लिहिलंय. “मावशी, तुम्हीपण असंच घेतलं होतंत ना? बँकेला किती खाली ओढता येतं?” फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते. २०११ साली आम्ही घर घेतलं तेव्हा हे मला मराठीत सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. आणि त्याच्या या प्रश्नातच मला एक चूक दिसते, तीही सांगायची आहे.

भारतातल्या मंडळींसाठी आधी थोडक्यात. घरावरचं कर्ज जास्त, घराची किंमत कमी, आणि मालकाला हप्ते झेपत नाहीत. अशा वेळी बँक जप्ती-लिलावाच्या वाटेने न जाता म्हणते, मालकानेच घर बाजारभावाने विकावं, आलेले पैसे आम्हाला द्यावेत, कमी पडले तरी आम्ही तारण सोडतो. हा शॉर्ट सेल. ‘शॉर्ट’ हे पैशाला आहे, वेळेला अजिबात नाही. आम्ही फेब्रुवारीत ऑफर दिली आणि ऑगस्टमध्ये किल्ल्या मिळाल्या.

तेव्हा इथली परिस्थिती भीषण होती. २००६ च्या शिखरापासून फिनिक्स भागातल्या घरांच्या किमती निम्म्याहूनही खाली आल्या होत्या. आमच्या घराचे मालक बांधकामावर सुपरवायझर. २००८ नंतर इथलं बांधकामच थांबलं, मग काम कुठून मिळणार? पहिलं कर्ज २,४०,००० डॉलर, वर त्याच घराच्या तारणावर दुसऱ्या बँकेचं ४५,००० डॉलरचं होम इक्विटी कर्ज. आणि घर विकायला काढलं होतं १,७५,००० ला.

आता मुद्द्यावर येते. ‘बँकेशी बोलणी’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं की टेबलाच्या पलीकडे साहेब बसलाय आणि आपण घासाघीस करतोय. तसं काहीही नसतं. बँक घेणाऱ्याशी बोलतच नाही. कर्ज विकणाऱ्याचं, म्हणून बोलण्याचा अधिकार त्याचा, किंवा त्याने लेखी परवानगी दिलेल्या एजंटचा. बँकेच्या कागदावर आम्ही कुणीच नव्हतो. शिवाय आपण जिला बँक म्हणतो ती बऱ्याचदा नुसती हप्ते गोळा करणारी असते. कर्जाचे खरे धनी दुसरेच कुणी गुंतवणूकदार, आणि शेवटचा होकार त्यांचा. त्यामुळे फोनवरच्या माणसाला तुम्ही कितीही पटवा, त्याच्या हातात फार थोडं असतं.

मग बँक बघते काय? सगळे खर्च वजा जाऊन हातात किती पडणार, तो एक आकडा. आमच्या बरोबरीने अजून एक ऑफर होती, १,७२,००० ची. आमची १,६८,००० ची. पण त्या दुसऱ्यांनी क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण करतानाच्या, खर्चासाठी ३ टक्के परत मागितले होते, म्हणजे ५,१६० डॉलर. बँकेच्या हातात पडणार १,६६,८४०. आम्ही काहीच मागितलं नव्हतं, म्हणून कमी दिसणारी आमची ऑफर प्रत्यक्षात भारी ठरली. विक्रेत्याच्या एजंटबाईंनी हा हिशेब कागदाच्या पाठीवर करून दाखवला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या बाजूला बँक लिलावाचा हिशेब मांडते. रिकामं घर, त्याचा कर, सोसायटीची वर्गणी, देखभाल, आणि इतकं करून पुन्हा एजंट लावून विकायचं. त्यापेक्षा आपल्या ऑफरमधून जास्त सुटतंय हे तिला कागदावर दिसलं पाहिजे. बाकी कुणाच्या रडण्या-ओरडण्याला तिथे जागा नसते.

बँकेने किंमत ठरवायला एक स्थानिक एजंट पाठवला. अशा किमतीच्या अंदाजाला इथे बीपीओ (ब्रोकर प्राइस ओपिनियन) म्हणतात. तो पंधरा मिनिटं घरात फिरला, फोटो काढले, निघून गेला, आणि आकडा आला १,८५,०००. त्यावर बँकेचं उत्तर आलं, १,८४,००० द्या. खरी बोलणी इथे सुरू झाली, आणि ती सगळी कागदावर झाली.

छपराचंच सांगते. इथे कौलारू छपरं असतात, बाहेरून ठणठणीत दिसतात. पण कौलांच्या खाली जे जाड कागदासारखं अस्तर असतं, ते इथल्या उन्हात वीसेक वर्षांत वाळून तडकतं. छपरवाल्याने शिडीवरून चार कौलं उचलून दाखवली. खालचं अस्तर हातात घेतलं तर जळलेल्या पापडासारखा चुरा झाला. बीपीओवाल्याला हे दिसणं शक्यच नव्हतं, तो शिडीवर चढलाच नव्हता. आम्ही त्याचे फोटो काढले, दुरुस्तीचं ७,५०० चं लेखी अंदाजपत्रक घेतलं. जुन्या एसीचं ५,५०० चं घेतलं. गेल्या तीन महिन्यांत त्याच भागात विकल्या गेलेल्या तीन घरांचे भाव जोडले. हे सगळं विक्रेत्याच्या एजंटबाईंनी एका पत्रासोबत बँकेला पाठवलं. तीन आठवड्यांनी बँक १,७३,५०० वर आली. आम्ही हो म्हटलं. अजून ताणलं असतं तर दोनेक हजार सुटलेही असते, पण तोवर लिलावाची तारीख लागली होती. अॅरिझोनात कोर्टात न जाता, नोटीस नोंदवल्यावर साधारण तीन महिन्यांत लिलाव होऊ शकतो. आमच्या बाबतीत बँकेचा एक विभाग विक्री मंजूर करत होता आणि दुसरा लिलावाची तयारी. तारीख पुढे ढकलल्याचं कळलं ते लिलावाच्या दोन दिवस आधी. त्या आठवड्यात त्या घरातली माणसं कशी झोपली असतील, कोण जाणे.

त्यांचे हाल मी जवळून पाहिले. पगाराच्या पावत्या, खात्याचे उतारे, आपल्यावर वेळ का आली याचं पत्र, सगळं चार वेळा फॅक्स केलं त्यांनी. दर वेळी फाइल नव्या माणसाकडे जायची, जुने उतारे साठ दिवसांचे झाले म्हणून पुन्हा मागायचे. असं घोंगडं भिजत पडलं होतं, आणि तरी तो माणूस मागच्या अंगणातला स्विमिंग पूल स्वच्छ ठेवत होता. त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत पंप बंद ठेवला की थोड्याच दिवसांत पाणी हिरवंगार होतं, डास होतात. घर त्याचं राहणार नव्हतं, क्लोरीन मात्र तो स्वतःच्या पैशाने आणत होता. यांनी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाला, अजून माझी मुलं राहतात इथे.

म्हणून भाच्याला सांगते, “किती खाली ओढता येतं” हा प्रश्न मला खटकला तो यासाठी. बँकेसमोर तुझी बाजू मांडणारा एकच माणूस आहे, तो हा मालक. तो कंटाळला, त्याने कागद पाठवणं सोडलं, की सौदा संपला. आणि त्या काळात माझ्या ओळखीचेच काही जण एकाच वेळी सहा-सहा घरांवर ऑफर टाकून ठेवायचे, ज्याला आधी मंजुरी येईल ते घ्यायचं, बाकीच्यांना वाऱ्यावर सोडायचं. मला हे तेव्हाही चुकीचं वाटलं, आजही वाटतं. मागे राहिलेल्या मालकाचं घड्याळ चालू असतं. त्याला पुन्हा गिऱ्हाईक शोधायला वेळ उरत नाही.

शेवटी दुसऱ्या बँकेपाशी माशी शिंकली. तेव्हा हाफा नावाच्या सरकारी योजनेत दुसऱ्या कर्जासाठी जास्तीत जास्त ६,००० डॉलर देता यायचे. ती बँक ८,००० वर अडून बसली. तिथल्या वसुलीवाल्याने सुचवलं, वरचे दोन हजार घेणाऱ्याने परस्पर पाठवावेत, कागदावर नको. एजंटबाईंनी साफ नकार दिला आणि मी आजही त्यांची ऋणी आहे. पहिल्या बँकेपासून लपवून दिलेला पैसा ही सरळसरळ फसवणूक आहे. कितीही लहान रक्कम असो, टेबलाखालून काही द्यायचं नाही. त्यांनी एवढंच लिहिलं की पहिल्या बँकेने लिलाव केला तर तुमचं तारण उडेल आणि त्यातून तुमच्या हाती बहुधा काहीच लागणार नाही. तीन आठवड्यांनी ६,००० वर सही झाली. आणि मालकाने दुसऱ्या बँकेच्या मंजुरीच्या पत्रात ‘उरलेली रक्कम माफ’ हे शब्द आहेत याची खात्री करून घेतली. ते नसते तर बँक नंतर त्याच्या मागे लागू शकली असती.

हाफा योजना २०१६ अखेर बंद झाली, त्यामुळे ते आकडे आता धरून चालू नकोस. उलट एक गोष्ट सुधारली आहे. २०१४ पासूनच्या नियमांनुसार राहत्या घराच्या मालकाचा शॉर्ट सेलसाठीचा पूर्ण अर्ज लिलावाच्या ३७ दिवसांपेक्षा आधी पोहोचला असेल, तर त्यावर निर्णय होईपर्यंत सहसा लिलाव करता येत नाही. यात ‘पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा, एक उतारा राहिला तरी अडतं.

तर बाळा, किमतीचं मग बघू. आधी तुझ्या एजंटला तीन गोष्टी विचारायला सांग. दुसरं कर्ज आहे का, लिलावाची तारीख लागली आहे का, आणि मालकाचे सगळे कागद बँकेत पोहोचलेत का. शनिवारी हे छपरवाल्याला घेऊन तिकडे येतील, कौलं उचलून बघायला.